आधी मोरचुदाचा हिशेब, मग चंद्र: नाशिकच्या छोट्या वाईन बागेत बायोडायनॅमिक पद्धत कशी सुरू करावी

बायोडायनॅमिक म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे गाईची शिंगे आणि पौर्णिमा येते. दोन-चार एकर वाईन द्राक्षे लावलेले किंवा लावू पाहणारे बरेच जण शिंगांचीच चौकशी करतात. नाशिकमध्ये, म्हणजे दिंडोरी, निफाड, इगतपुरीच्या पट्ट्यात, या पद्धतीची बाग टिकते की जाते हे मात्र ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पहिल्या चाळीस दिवसांत ठरते. त्या दिवसांत पाऊस किंवा जड दव पडले तर डाउनी, म्हणजे पानांवर आणि घडांवर वाढणारी बुरशी, येणारच, आणि ती रोखायला तुमच्या हातात तांबे, म्हणजे मोरचूद, सोडून फार काही उरत नाही. तेही मोजून. म्हणून या लेखात शिंगे उशिरा येतात.

थोडी पार्श्वभूमी. रुडॉल्फ श्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताने १९२४ च्या जूनमध्ये कोबरविट्झ या गावी शेतीवर आठ व्याख्याने दिली. ते गाव तेव्हा जर्मनीत होते, आज पोलंडमध्ये आहे. बायोडायनॅमिक शेतीचा उगम त्या व्याख्यानांत आहे. शेत हा एक स्वतंत्र जीव आहे. त्याचे खत, बी, जनावरे, चारा शक्यतो त्याच्या कुंपणाच्या आतूनच यावे, हा त्याचा गाभा. शिंगातले शेण, वनस्पतींची मिश्रणे आणि ग्रहताऱ्यांचा विचार त्या गाभ्याभोवती येतो. श्टायनर स्वतः मद्याच्या विरोधात होता आणि त्याची पद्धत जगभर गाजली ती वाईनमुळे, ही गंमतच. फ्रान्समध्ये लुआर खोऱ्यातला निकोला जोली, बरगंडीतली लालू बीझ-लरुआ अशा नावाजलेल्या मंडळींनी १९८० च्या दशकात ती उचलली आणि तिला वजन आले. भारतात ती रुजवली न्यूझीलंडच्या पीटर प्रॉक्टर यांनी. १९९० च्या दशकापासून ते इथे येऊन शेतकऱ्यांना शिकवत राहिले, आणि आपल्या हवामानातल्या मात्रा व वेळा बऱ्याच अंशी त्यांच्या शिकवणीतून आल्या आहेत.

पायरी पहिली: माल कोण घेणार, हे छाटणीआधी ठरवा

स्वतःची वायनरी असेल तर ही पायरी सोडा. नसेल, आणि बहुतेक छोट्या बागायतदारांची नसतेच, तर वायनरीशी आधी बोला. तुमची द्राक्षे वेगळ्या टाकीत आंबवणार का? दोन-तीन टन मालासाठी वेगळी टाकी अडकवायला ते तयार आहेत का? तयार नसतील तर तुमचा बायोडायनॅमिक माल शेजारच्या मालात मिसळणार आणि दर तोच मिळणार. मग ही मेहनत तुम्ही जमिनीसाठी करता आहात, भावासाठी नाही. तेही चांगले कारण आहे, फक्त ते आधीपासून माहीत असावे.

प्रमाणपत्राचेही याच वेळी बघा. बायोडायनॅमिक मालाचे जगभर ओळखले जाणारे चिन्ह डिमीटरचे आहे, १९२८ पासून. त्याच्या खाली सेंद्रियची पायरी असतेच. आपल्याकडे एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमात बारमाही पिकाला साधारण तीन वर्षांचा रूपांतर काळ धरला जातो. द्राक्ष बारमाही, म्हणजे रासायनिक थांबवल्यापासून तीन वर्षे. तेवढ्या काळात माल साध्या दरानेच जाणार. घरखर्चाचा हिशेब तसाच मांडा, आणि सगळी बाग एकदम या पद्धतीत नेऊ नका. एक एकर वेगळा काढा. वाऱ्याच्या दिशेने वरच्या अंगाला असेल तर उत्तम, कारण शेजाऱ्याच्या ब्लोअरचा फवारा तुमच्या वेलींवर येणार नाही.

शेजारी खायच्या द्राक्षांची बाग असेल तर हा प्रश्न सगळ्यांत नाजूक. तो त्याच्या बागेसाठी फवारतो आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. बांधाला शेवरी, गिरिपुष्प, शेवगा अशी दाट रांग लावा, कडेच्या दोन-तीन ओळींचा माल वेगळा ठेवा आणि प्रमाणपत्राच्या नोंदीत तो वेगळा दाखवा. ही कुंपणाची झाडे नाहीतरी लागणारच आहेत. डिमीटरच्या नियमात शेताचा दहावा हिस्सा जैवविविधतेसाठी राखावा लागतो: झाडोरा, गवत, पाणथळ कोपरा, काहीही. एकरी चार गुंठे. बांध रुंद असला तर ते सहज भरतात.

पायरी दुसरी: वाण आणि मांडव

नवीन लागण करत असाल तर घडाकडे बघून वाण निवडा. घट्ट घडाचे वाण सेंद्रिय पद्धतीत त्रास देतात, कारण आतले मणी एकमेकांना दाबून फुटतात आणि कुज आतून सुरू होते. झिनफँडेल त्यात सर्वांत हट्टी. साल पातळ, घड गच्च, वर एकाच घडात काही मणी पिकलेले आणि काही हिरवे. सॉविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां यांचेही घड घट्ट, पण नाशिकची ओळख त्यांच्यावरच आहे, त्यामुळे मोह सुटत नाही. पहिल्या एकरासाठी माझे मत कॅबर्ने सॉविन्योंला. घड मोकळा, साल जाड. डाउनी तिलाही येते, पण शेवटच्या महिन्यात झोप लागते.

उभ्या तारांच्या मांडवावर, म्हणजे फुटी सरळ वर बांधलेल्या एका भिंतीसारख्या पानोऱ्यात, वारा खेळतो आणि फवारा आतपर्यंत जातो. वाय मांडवावर, म्हणजे इंग्रजी Y सारख्या दोन बाजूंना पसरलेल्या मांडवावर, उत्पादन जास्त, सावलीही जास्त. तांबे मोजून वापरायचे असेल तर उभा मांडव घ्या. का, ते चौथ्या पायरीत कळेल.

पायरी तिसरी: जमीन, गाय आणि खत

इथे घाई नको. पहिले वर्ष याच कामाला द्या.

गाय हवीच. स्वतःची नसेल तर गावात एखाद्या घराशी शेणाचा करार करा, पण गाईला काय औषधे दिली जातात ते विचारा. जंताच्या औषधांतली काही शेणातून बाहेर पडतात आणि शेणकिडे, माश्यांच्या अळ्या मारतात. असे शेण खताच्या ढिगात नीट कुजत नाही. देशी गाय असल्यास बरे. पण गाय चरायला जाते, सुका-हिरवा चारा खाते आणि निरोगी आहे, हे जातीपेक्षा महत्त्वाचे.

खताचा ढीग पावसाळ्याच्या आधी किंवा पाऊस ओसरल्यावर लावा. दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच, लांबी तुमच्या सामानाप्रमाणे. खाली जाड काड्या, हवा खेळायला. मग सुक्याचा थर, हिरव्याचा थर, वर पाण्यात कालवलेल्या शेणाचा शिडकावा, असे थर चढवत न्या. ऊस पाचट, मक्याची ताटे, तण, गिरिपुष्पाचा पाला, काहीही चालते. द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या तुकडे करून टाकता येतात, पण ज्या ओळीत मिलीबग किंवा खोडकिडा होता त्या काड्या ढिगात नकोत. त्या बागेबाहेर नेऊन जाळा. ढीग पिळल्यावर थेंब गळणार नाही एवढा ओला हवा. पावसात वर झाकण.

ढीग लागला की त्यात वनस्पतींची सहा मिश्रणे जातात. त्यांना आकड्यांनीच ओळखतात, ५०२ ते ५०७: यॅरो, कॅमोमाईल, खाजकुयलीसारखी दंश करणारी बिच्छू घास, ओकची साल, डँडेलियन आणि व्हॅलेरियन. पहिली पाच ढिगात वेगवेगळ्या भोकांत चिमूटभर घालायची, सहावे पाण्यात घोळून वरून शिंपडायचे. यांतल्या बहुतेक वनस्पती थंड डोंगराळ प्रदेशातल्या. नाशिकच्या पठारावर त्या लावण्यात वर्ष घालवू नका, तयार संच विकत घ्या. बायोडायनॅमिक असोसिएशन ऑफ इंडियाशी जोडलेल्या उत्पादकांकडे ते मिळतात. तीन-चार महिन्यांत ढीग काळा, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या मातीच्या वासाचा होतो.

त्यापेक्षा सोपे आणि नवख्याला लगेच जमणारे काम म्हणजे सीपीपी, शेणाचा खड्डा. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट खोल. बाजूंना विटा, तळ मातीचाच. साठ किलो ताजे, घट्ट शेण, त्यात अंड्याच्या टरफलांचा पाव किलो चुरा आणि साधारण तेवढीच काळ्या दगडाची बारीक भुकटी. बेसाल्टची कमतरता आपल्याकडे नाही, खडी क्रशरवर मिळते. हे सगळे पायाने किंवा फावड्याने तासभर तुडवून मळायचे, खड्ड्यात सैल भरायचे, वर तीच सहा मिश्रणे, ओले गोणपाट आणि सावली. महिन्याने उलटायचे. तीन महिन्यांत शेणाचा वास जातो. मग एकरी एक किलो घेऊन चाळीसेक लिटर पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ढवळायचे आणि जमिनीवर किंवा पानांवर फवारायचे. जीवामृत करणाऱ्याला यात परके काही वाटणार नाही. दोन्ही एकाच बागेत चालवू नका असे मी सांगेन, कारण मग कशाने काय झाले ते कधीच कळत नाही.

ओळींमध्ये हिरवळ. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर ताग, धैंचा, चवळी फेकून द्या. ताग फुलोऱ्यावर आला की कापा आणि आच्छादन म्हणून वेलींच्या बुंध्याकडे ओढा. रोटर मारून गाडू नका, विशेषतः काळ्या जमिनीत. ओल असताना रोटर फिरवला की खाली कडक थर तयार होतो आणि पांढरी मुळी वरच अडकते. मुरमाड जमिनीत आच्छादनाचा फायदा आणखी ठळक दिसतो. ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत हिरवळ खाली बसलेली असावी, उभी नको; उभे गवत दव धरून ठेवते आणि खालची पाने ओली राहतात.

पायरी चौथी: मोरचुदाचा हिशेब

हा भाग दोनदा वाचा.

डाउनीवर, ज्याला आपण केवडा म्हणतो, सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक दोन्हींत मुख्य हत्यार तांबेच. पण तांबे मातीत साठते, गांडुळांना त्रास देते, आणि एकदा साठले की काढता येत नाही. म्हणून मर्यादा आहेत. युरोपात सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४. डिमीटरची त्याहून कडक: अनेक वर्षांच्या सरासरीने हेक्टरी वर्षाला ३ किलो धातुरूप तांबे, आणि एका फवारणीत शक्यतो हेक्टरी अर्ध्या किलोच्या आत.

आता हे एकरात आणि मोरचुदात आणू. हेक्टरी ३ किलो म्हणजे एकरी सुमारे १.२ किलो तांबे. मोरचुदात तांबे साधारण पाव हिस्सा. म्हणजे वर्षभरासाठी एकरी सुमारे ४.८ किलो मोरचूद. बस्स, एवढेच.

मोरचूद आणि चुना यांचे द्रावण म्हणजे बोर्डो. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद. भरलेल्या पानोऱ्यावर एकरी ४०० लिटर पाणी मारले तर एकाच फवारणीत ४ किलो गेले. पावसाळ्यात करप्यासाठी अशी एक फवारणी केलीत की ऑक्टोबरला हातात काही नाही. नवखा माणूस नेमका इथे अडकतो: खरड छाटणीनंतरच्या, म्हणजे एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या पहिल्या छाटणीनंतरच्या, पावसाळ्यात सवयीने एक टक्का मारून मोकळा होतो.

त्याऐवजी असे करा. एका फवारणीत एकरी ८०० ग्रॅम मोरचूद, पाणी २०० लिटर. तीव्रता ०.४ टक्के होते. चुना तेवढाच किंवा थोडा जास्त. द्रावण आम्लधर्मी राहू देऊ नका, नाहीतर कोवळी पाने भाजतात. घासलेला लोखंडी खिळा किंवा चाकू बुडवून बघायची जुनी पद्धत आजही चालते: तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. अशा सहा फवारण्या वर्षाच्या कोट्यात बसतात. दोन पावसाळ्यासाठी धरा, चार ऑक्टोबर छाटणीनंतरसाठी. उभ्या मांडवावर आणि विरळ फुटींवर २०० लिटरमध्ये पाने दोन्ही बाजूंनी भिजतात. दाट वाय मांडवावर भिजत नाहीत. मांडवाची निवड तांब्याशी जोडलेली आहे ती अशी.

तांबे आंतरप्रवाही नाही. ते पानाच्या वर बसते, आत जात नाही. पाऊस येण्याआधी पानावर असेल तरच काम करते, आणि फवारणीनंतर आलेली नवी पाने उघडीच राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुटी जोरात वाढतात, आठवड्यात चार-पाच पाने सहज येतात. म्हणून तारीख धरून फवारू नका, हवामानाचा अंदाज बघून फवारा. आणि अंदाजात पाऊस नसेल तर एक फवारणी वाचवा. वाचवलेली प्रत्येक फवारणी फुलोऱ्याच्या आसपास कामी येते, कारण त्या वेळी घडावर केवडा गेला तर घड जिरतो आणि वर्ष संपते.

तांब्याचा भार हलका करणारी कामे फवारणीची नाहीत, हाताची आहेत. फुटी चार-पाच पानांच्या झाल्या की फेलफुटी, म्हणजे घड न आलेल्या फुटी, काढा. घडांच्या आसपासची पाने, सकाळच्या उन्हाच्या बाजूची, मणी सेट झाल्यावर काढा. दुपारच्या बाजूची ठेवा, नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्ये मणी भाजतात. ठिबक रात्री उशिरा चालवू नका. सुरूच्या सुया उकळून, गाळून, एक-दोन दिवस ठेवून पातळ केलेला काढा आपल्याकडे ५०८ म्हणून वापरतात; युरोपातल्या हॉर्सटेलची ती देशी जागा. दवाच्या दिवसांत तो देता येतो. पण पाऊस तोंडावर असताना काढ्यावर विसंबू नका.

छाटणीची तारीख हाही एक उपाय. सप्टेंबरच्या सुरुवातीला छाटलीत तर परतीचा पाऊस फुटींवर येतो. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलीत तर पाऊस टळण्याची शक्यता वाढते, पण माल मार्चच्या उन्हात पिकतो, साखर पटकन चढते आणि आम्लता खाली येते. पांढऱ्या वाईनसाठी ते वाईट, लाल वाईनला बऱ्यापैकी चालते. पहिल्या एकरात कॅबर्ने सुचवण्याचे हे दुसरे कारण.

पायरी पाचवी: डोळे फोडायचे कसे

खायच्या द्राक्षांत ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात आणि बाग एकसारखी फुटते. तुम्हाला ते चालणार नाही. नाशिकची थंडी वेलींना पूर्ण झोपवण्याइतकी नसते, त्यामुळे पेस्टशिवाय शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात आणि खालचे रेंगाळतात.

उपाय अर्धवट आहेत, पण आहेत. छाटणीआधी दोन-तीन आठवडे पाणी कमी करा आणि पानगळ हाताने करा. काडी आखूड छाटा, दोन-तीन डोळ्यांवर, म्हणजे शेंडा आणि बुडखा यांत फारसा फरक राहत नाही. काडी लांब ठेवायचीच असेल तर ती वाकवून बांधा. लसणाच्या अर्काचे प्रयोग डोळे फोडण्यासाठी झाले आहेत. करून बघायला हरकत नाही, पण आधी एका ओळीत. आणि खरे काम सहा महिने आधीचे: खरड छाटणीनंतर मे-जूनमध्ये काडीच्या डोळ्यांवर ऊन पडले पाहिजे, कारण पुढच्या हंगामाचा घड त्या वेळी डोळ्यात तयार होतो. दाट सावलीत वाढलेल्या काडीचे डोळे फुटले तरी घड देत नाहीत.

फुटताना उडद्या भुंग्याकडे लक्ष द्या. तो कोवळे डोळे कोरतो. रात्री बॅटरी घेऊन वेली हलवा, खाली पाणी-साबणाचा पसरट ट्रे धरा. कंटाळवाणे आहे, पण डोळे फुटण्याचे दिवस थोडेच असतात.

पायरी सहावी: शिंगे, आणि पंचांगाचा नेमका उपयोग

५०० म्हणजे गाभण होऊन व्यायलेल्या गाईच्या शिंगात भरलेले शेण. शिंगे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. पाणी साचणार नाही अशी जागा, दीड फूट खोल. आत तयार झालेला पदार्थ गडद, ओलसर आणि शेणाचा वास नसलेला असतो. तो मातीच्या मडक्यात, भोवती नारळाच्या भुश्याची पेटी करून, अंधारात ठेवायचा. शिंगे मिळवणे कठीण असेल तर तयार ५०० विकत घ्या, मात्रा इतकी कमी लागते की पैशाचा प्रश्न येत नाही: एकरी २५ ते ३० ग्रॅम, १३ ते १५ लिटर कोमट पाण्यात. तासभर ढवळायचे. एका दिशेने खोल भोवरा होईपर्यंत, मग उलट दिशेने. नळाचे क्लोरीनचे पाणी नको, विहिरीचे किंवा पावसाचे घ्या. संध्याकाळी, जमिनीत ओल असताना, झाडू किंवा निंबाच्या डहाळीने मोठे थेंब जमिनीवर उडवायचे. तणनाशक वापरलेला पंप या कामाला कधीच नको, कितीही धुतला तरी. वर्षात दोन वेळा पुरे: पाऊस लागल्यावर एकदा, आणि ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास एकदा.

५०१ म्हणजे स्फटिकाची पिठासारखी भुकटी, शिंगातच, पण मार्च-एप्रिलमध्ये पुरून सप्टेंबरमध्ये काढलेली. एकरी १ ग्रॅम. तासभर ढवळून सूर्योदयाच्या वेळी पानांवर धुक्यासारखी बारीक फवारणी. पारंपरिक समजूत अशी की ती प्रकाशाचे काम वाढवते. युरोपच्या ढगाळ उन्हाळ्यात त्याची ओढ समजू शकते. नाशिकला प्रकाशाचा तुटवडा नाही. पहिल्या वर्षी ती सोडून द्या. दुसऱ्या वर्षी फुलोऱ्याआधी एकदा द्या, पाण्याचा ताण असलेल्या वेलींवर मुळीच नाही.

आता चंद्र. मराठी माणूस इथे हमखास शुक्ल आणि कृष्ण पक्ष धरतो. या पद्धतीत चढता-उतरता चंद्र म्हणजे वाढता-घटता चंद्र नव्हे. सूर्याचे जसे उत्तरायण-दक्षिणायन असते, तसे चंद्राचे दर २७ दिवसांनी होते. घरातल्या पंचांगात रोजची चंद्रराशी दिलेली असते, तीच वापरा. चंद्र धनूच्या सुरुवातीपासून मिथुनेच्या सुरुवातीपर्यंत उत्तरेकडे चढतो, आणि तिथून परत धनूपर्यंत दक्षिणेकडे उतरतो. उतरत्या चंद्रात जमिनीची कामे: ५००, खत, लागण. छाटणीही बरेच जण याच काळात करतात. चढत्यात ५०१. मारिया थून या जर्मन बाईंनी पुढे राशींवरून मूळ, पान, फूल, फळ असे दिवस पाडले. मेष, सिंह, धनू हे फळाचे दिवस. त्यांच्या पंचांगातही प्रत्यक्ष तारकासमूह धरतात, त्यामुळे आपल्या निरयन राशींशी ते एखाद्या दिवसाच्या फरकाने जुळते. वेगळे विदेशी पंचांग घ्यायची गरज नाही.

यात तथ्य किती? कॅलिफोर्नियातल्या युकायाजवळच्या मर्लोच्या बागेत १९९६ पासून सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक वाफे शेजारी-शेजारी ठेवले होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत जमिनीच्या गुणवत्तेत दोन्हींत फरक आढळला नाही, द्राक्षांच्या घटकांत मात्र थोडा दिसला. जर्मनीत गायझेनहाइमला २००६ पासून रिसलिंगवर तशीच तुलना चालू आहे. माझे मत सरळ आहे: खत, हिरवळ, गाय आणि कमी तांबे यांचा परिणाम दिसतो, शिंगांचा वेगळा काढून दाखवता येत नाही. ५०० मी तरी सोडणार नाही, कारण तासाभराचे काम आहे आणि डिमीटरला ते लागतेच. पण पावसाचा अंदाज आणि चंद्रराशी यांत भांडण झाले तर पाऊस जिंकतो. फळाचा दिवस परवा आहे म्हणून बोर्डो दोन दिवस पुढे ढकलणारा माणूस परवा केवडा बघतो.

पायरी सातवी: भुरी, मिलीबग आणि तोडणी

डिसेंबरनंतर दव कमी होते, थंडी पडते आणि भुरीची पाळी येते. इथे गंधक पुरेसे आहे: पाण्यात मिसळणारे ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम, कडक उन्हात नाही. अँपेलोमायसिससारखी भुरीवर जगणारी बुरशी तोडणीच्या जवळ उपयोगी पडते, पण ती दिली की पुढचे काही दिवस गंधक नको, नाहीतर तुम्हीच तिला मारता. पुण्याजवळ मांजरी इथे असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारसी यासाठी वाचत राहा. त्या बायोडायनॅमिकसाठी लिहिलेल्या नसतात, पण जैविक नियंत्रणाचा भाग जसाच्या तसा कामाचा आहे.

मिलीबगसाठी आधी मुंग्या. मुंग्या त्याला ओळीओळीने नेतात आणि त्याच्या शत्रूंना हाकलतात. खोडावरची सुटी साल काढा, खोडाला चिकट पट्टा बांधा. मण्यात पाणी उतरल्यावर घडात मिलीबग गेला तर उपाय उरत नाही, ते घड कापून बाहेर न्या.

तोडणी जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत. साखर मोजा, आम्लता मोजा, आणि बिया चावून बघा. तपकिरी आणि कुरकुरीत झाल्या की लाल वाईनचा माल तयार. पहाटे तोडा, दहा वाजेपर्यंत क्रेट वायनरीत पोचले पाहिजेत. फळाचा दिवस साधला तर साधला.

तोडणी संपली म्हणून पाणी बंद करू नका. खरड छाटणीपर्यंत वेलीला पाने टिकवून खोडात साठा करायचा असतो. शिंगेही फेब्रुवारी-मार्चमध्येच काढायची असतात. तोडणीच्या धामधुमीत ती विसरतात, म्हणून जागेवर खुंटी ठोकून ठेवा.

वही आजच उघडा. कोणत्या तारखेला, कोणत्या ओळींत, किती ग्रॅम मोरचूद, किती लिटर पाणी, पाऊस किती, शेण कुठून आले, ५०० ची खरेदी पावती. तपासनीस आला की तो चंद्राबद्दल क्वचितच विचारतो. तांब्याची बेरीज आणि शेणाचा मालक मात्र विचारतोच.